पहिली खबर

खुलताबादला मामांकडे गेलं की संध्याकाळचा फेरा ठरलेला असतो. नगारखान्याच्या वेशीतून आत, बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यापर्यंत, तिथून मलिक अंबरच्या मकबऱ्याकडे, आणि अंधार पडायच्या आत परत. बाहेरून येणारे लोक इथे एकाच, औरंगजेबाच्या कबरीची चौकशी करतात. मामा त्या कबरीवर फारसं बोलत नाहीत. या डोंगरावर त्यांची इतर माणसं आहेत.

मामांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, आधी बीडकडे आणि नंतर इथे. मी औषधांच्या एका कंपनीत निर्यातीचे कागद बघते. कोणत्या देशाला कोणता दाखला लागतो, कोणाचा शिक्का चालतो, कोणाचा चालत नाही, यात माझा दिवस जातो. तेव्हा आमचे वाद होणारच. या वेळी मी बोलता बोलता म्हणाले, की कोविडच्या त्या दोन वर्षांनी देशादेशांतले संबंध पार बदलून गेले. मामा चालता चालता थांबले.

"काही बदललं नाही. विहिरीचं पाणी आटलं आणि तळ दिसला. तळ काय त्या उन्हाळ्यात तयार झाला का?"

"मामा, विमानं बंद, सीमा बंद, मास्कसाठी देश एकमेकांचे खिसे ओढत होते. एवढं होऊनही काही बदललं नाही म्हणता?"

"ओढाओढी दिसली म्हण. ती आधीही होतीच. बस इथे."

आम्ही दर्ग्याच्या पायऱ्यांवर बसलो. आत पहिल्या निजामाची, आसफजाहची कबर आहे. १७४८ साली तो बऱ्हाणपूरला वारला आणि त्याला इथे आणून पुरलं. मामांनी त्या बाजूला बोट केलं. "याचा बाप फिरोज जंग, औरंगजेबाचा मोठा सरदार. १६८८च्या सुमाराला विजापूरकडे प्लेग पसरला, त्यात त्याचे डोळे गेले. बादशहाची बेगम औरंगाबादी महल त्याच साथीत गेली. छावणीत माणसं पटापट मरत होती. पण मोहीम थांबली का? पुढची जवळजवळ वीस वर्षं चालली. बादशहाने दख्खन सोडलं नाही. आंधळ्या सरदाराचा मुलगा पुढे हैदराबादचा धनी झाला. साथीने माणसं नेली, पण राजकारणाची चाल काही बदलली नाही."

मी म्हटलं, "तुम्ही तुमच्या सोयीची साथ निवडली. घाट उतरून दौलताबादला चला. तुघलकाचं काय?"

मामा हसले. हा धडा त्यांनीच मला लहानपणी सांगितला होता. १३२७मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून राजधानी दौलताबादला आणली. ज्यांच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो होतो ते बुऱ्हाणुद्दीन त्याच स्थलांतराच्या काळात दख्खनेत आले आणि १३३७ला इथेच गेले. मधल्या काळात दूर दक्षिणेत, मदुराईकडे, माबरचा सुभेदार फिरला. सुलतान स्वतः फौज घेऊन निघाला. वरंगळला पोचला आणि छावणीत मरी शिरली. इब्न बतूताने हे लिहून ठेवलंय. रोग नेमका कोणता, प्लेग की पटकी, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण फौजेचा मोठा हिस्सा गेला, सुलतान आजारी पडला आणि माबरला न जाता दौलताबादकडे परत फिरला. वाटेत बीडजवळ त्याचा दात पडला. तो दात पुरून त्यावर बांधलेली कबर अजून तिथे दाखवतात.

"आणि त्यानंतर?" मी विचारलं. "माबर कायमचं सुटलं. वरंगळ हातचं गेलं. १३३६ला विजयनगर उभं राहिलं. १३४७ला बहमनी राज्य निघालं, तेही याच दौलताबादेत. दहा-बारा वर्षांत सगळी दक्षिण दिल्लीच्या हातातून सुटली. वरंगळच्या छावणीत ती मरी नसती तर?"

"तरी सुटलीच असती. दिल्लीहून मदुराईवर राज्य चालवायचं, त्यात दुष्काळ, त्यात वाढवलेला सारा, त्यात तांब्याच्या नाण्यांचा घोळ. ते मोडणारच होतं."

"मोडणारच होतं, हे सातशे वर्षांनी म्हणायला सोपं आहे. त्या साली ते कोणाला ठाऊक होतं? सुलतानाची फौज धडधाकट आहे या समजुतीवर सगळे सुभेदार गप्प होते. ती फौज तापाने झोपलेली पाहिली आणि त्यांच्यावरचा धाक गेला."

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "धाक गेला, हे मात्र खरं. तेवढं देतो तुला."

मला तेवढं पुरेसं नव्हतं. राज्यं मोडतात-घडतात हा साथीचा एक परिणाम झाला. मला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो. साथ ओसरल्यावर ती जे नियम मागे ठेवून जाते, ते पुढची शंभर वर्षं माणसांना बांधतात. दाखल्या-शिक्क्यांच्या जगातले कितीतरी नियम कुठल्या तरी जुन्या साथीच्या पोटातून आलेले आहेत.

मी मांडवीचं उदाहरण दिलं. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकाशिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांत ते प्रकरण युरोपात पोचलं. मुंबईचा माल आणि मुंबईची माणसं आपल्याकडे रोग आणतील अशी तिथे धास्ती बसली. १६ फेब्रुवारी १८९७ला व्हेनिसमध्ये या एका प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्याच्या बारा दिवस आधी, ४ फेब्रुवारीला, इंग्रज सरकारने हिंदुस्थानात साथरोग कायदा मंजूर करून घेतला. मुंबईहून निघणारी हजची जहाजं थांबवली. आपण किती कडक आहोत हे सरकारला व्हेनिसमध्ये दाखवायचं होतं, नाहीतर व्यापार बसला असता. तो कडकपणा पुण्याच्या घराघरांत शिरला. गोऱ्या शिपायांनी माजघरं उचकली, माणसं छावण्यांत नेली, आणि २२ जूनला चापेकर बंधूंनी त्या झडत्यांचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली.

"आपण शाळेत रँडचा वध शिकतो," मी म्हटलं, "पण व्हेनिस शिकत नाही. पुण्यातल्या त्या झडत्यांचं एक टोक तिथे होतं. आणि तो कायदा मेला नाही. मार्च २०२०मध्ये महाराष्ट्र सरकारने हाच १८९७चा कायदा लावला. मग सांगा, साथ गेली आणि काही बदललं नाही?"

"नियम बदलले," मामा म्हणाले. "पण ते कोणी केले आणि कोणासाठी? व्हेनिसमध्ये मांडवीचा माणूस होता का?"

"नव्हता."

"मग झालं तर. १८५१ला पॅरिसला पहिली परिषद भरली तेव्हापासून एकच चिंता: पूर्वेचा रोग पश्चिमेला येऊ नये आणि व्यापारही थांबू नये. ज्याच्या घरात माणूस मेलंय त्याचं काय करायचं, हा विषय कोणाच्या कागदावर नव्हता. तुझे नियम भीतीने केलेले आहेत, आणि भीती बलवानाची. म्हणून म्हणतो, तळ तोच आहे."

यानंतर मामा जे बोलले त्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

१९९४च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात घराघरांतून उंदीर पडू लागले. पिसवा इतक्या वाढल्या की गावकऱ्यांनी आरोग्य खात्याकडे तक्रार केली. मग ताप आणि जांघेत, काखेत गाठी. सप्टेंबरात सुरतेहून फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि देश हादरला. सुरत सोडून लाखो माणसं पळाली. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं जिकडेतिकडे दिसू लागली, दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या संपल्या. आखातातल्या देशांनी भारताची विमानं थांबवली, माल अडवला, पर्यटकांनी दौरे रद्द केले. मृत्यू देशभरात मिळून पन्नासच्या आसपास. नुकसानीचे अंदाज मात्र अब्जावधी डॉलरच्या घरात गेले. जागतिक आरोग्य संघटना सांगत होती की प्रवास थांबवायची गरज नाही. ऐकलं फार थोड्यांनी.

मामा तेव्हा बीडकडे मास्तर होते. शाळा बंद झाली म्हणून ते बहिणीकडे, म्हणजे आमच्याकडे औरंगाबादला आले. मी नऊ वर्षांची होते. मला आठवतं ते एवढंच, की मामा ओसरीवर बसले होते आणि आईने त्यांचं ताट तिथेच नेऊन ठेवलं.

"तुझ्या आईने विचारलं, तिकडे उंदीर पडलेत का? मी म्हणालो, शेजारच्या गावात पडलेत. झालं. तिने पिशवीतले कपडे अंगणात उकळत्या पाण्यात टाकले. मला न्हाणीघराऐवजी मागच्या दारी अंघोळ. चार रात्री ओसरीवर झोपलो. शेजारच्यांनी तुम्हा पोरांना खेळायला घेणं बंद केलं. मला राग नव्हता गं. तिची पोरं लहान होती. पण तिसऱ्या रात्री एक विचार आला आणि तो अजून गेलेला नाही. माझ्याबरोबर त्याच बसने आलेले आणखी दोघं होते. त्यांनी घरी सांगितलं, आमच्याकडे काही नाही. ते घरात झोपले होते."

मी काही बोलले नाही. दर्ग्यातून कोणीतरी बाहेर आलं, चपला घालून गेलं.

"मामला गावच्या लोकांनी काय चूक केली?" मामा म्हणाले. "उंदीर पडले, त्यांनी सांगितलं. देशाने काय चूक केली? प्लेग आहे म्हणून जगाला कळवलं. शिक्षा दोघांनाही झाली. पुढच्या वेळी कोण सांगेल?"

हा प्रश्न मामांच्या ओसरीपुरता नाही. माझ्या मते साथी आणि जागतिक व्यवस्था या सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे. अमेरिका वर गेली की चीन, कोणाची फौज मोठी, कोणाचं चलन पडलं, यावर पानंच्या पानं लिहिली जातात. पण पहिली खबर देणाऱ्याशी बाकीचे कसे वागतात, यावर पुढची साथ गावात थांबणार की जगभर जाणार हे ठरतं. ती व्यवस्था चांगली असेल तर रोग आठवड्यात कळतो. वाईट असेल तर माणसं गप्प बसतात, आणि गप्प बसण्याची किंमत सगळे भरतात.

"जग यातून शिकलं होतं, मामा," मी म्हटलं. "२००३मध्ये सार्स आला, चीनने आधी तो दडवला. मग आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम नव्याने लिहिले. २००५चे नियम, २००७पासून लागू. जुन्या नियमांत कॉलरा, प्लेग आणि पीतज्वर एवढेच रोग कळवायचे होते. आता धोक्याची कुठलीही घटना, ती तशी आहे हे ठरल्यापासून चोवीस तासांत कळवायची. त्याचबरोबर, इतर देशांनी गरजेपेक्षा जास्त निर्बंध घालायचे नाहीत, आणि घातलेच तर का घातले याचं कारण जागतिक आरोग्य संघटनेला द्यायचं. तुमच्या ओसरीचीच दखल होती ती."

"मग २०२१ला दक्षिण आफ्रिकेचं काय झालं?"

हे ते विचारणार हे मला ठाऊक होतं, आणि याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२४ नोव्हेंबर २०२१ला दक्षिण आफ्रिकेने विषाणूच्या नव्या प्रकाराची खबर दिली. त्यांच्या प्रयोगशाळा चांगल्या होत्या, शास्त्रज्ञ सावध होते, म्हणून त्यांना तो दिसला. दोन दिवसांत त्याला ओमिक्रॉन नाव मिळालं, आणि तेवढ्याच वेळात ब्रिटन, युरोप, अमेरिका यांनी दक्षिण आफ्रिकेच्या प्रवाशांना दारं लावली. पुढे कळलं की नेदरलँड्समध्ये १९ आणि २३ नोव्हेंबरला घेतलेल्या नमुन्यांत ओमिक्रॉन होता. म्हणजे खबर येण्याआधीच तो युरोपात पोचलेला होता. नेदरलँड्सला त्या देशांनी तशी वागणूक दिली नाही.

"आणि आपण?" मामांनी विचारलं. "आपण काय केलं?"

"आपणही दक्षिण आफ्रिकेला जोखमीच्या देशांच्या यादीत टाकलं."

"म्हणजे जो ओसरीवर झोपला, त्याने दुसऱ्याला ओसरीवर झोपवलं."

मी मान हलवली. सत्तावीस वर्षांत आपण ती बाजू विसरलो होतो.

आम्ही उठलो. मलिक अंबरच्या मकबऱ्याकडे चालत निघालो. वाटेत एका बाईने पाटीतले शेवटचे पेरू स्वस्तात दिले. मामांनी ते रुमालात बांधले. मी त्यांना माझी बाजू सांगत राहिले, कारण ती अजून संपली नव्हती.

एप्रिल २०२१ मला तारखांसकट आठवतो. औरंगाबादेत बेड मिळत नव्हते. रेमडेसिव्हिरसाठी लोक रात्रीबेरात्री फोन करायचे, मी औषध कंपनीत आहे म्हणून. ११ एप्रिलला सरकारने रेमडेसिव्हिरची निर्यात बंद केली आणि ते बरोबरच होतं, घरात माणसं मरत होती. त्याच महिन्यात नैरोबीच्या आमच्या वितरकाचा फोन आला. त्याने औषधांचं काही विचारलं नाही. मार्चमध्ये त्याच्या आईला लशीचा पहिला डोस मिळाला होता, कोव्हिशील्ड, पुण्याची. दुसरा कधी येईल, एवढंच त्याला हवं होतं. मी लशीच्या कंपनीत नाही, हे मी त्याला तीनदा सांगितलं. तो म्हणाला, पण तुम्ही भारतात आहात ना.

जानेवारी २०२१मध्ये भूतान आणि मालदीवला लस पाठवून भारताने लसमैत्रीची सुरुवात केली होती. वसंतापर्यंत सहा कोटींहून जास्त डोस बाहेर गेले होते. गरीब देशांसाठीची कोव्हॅक्स योजना सीरम इन्स्टिट्यूटवर मोठ्या प्रमाणात अवलंबून होती. दुसरी लाट आली, निर्यात थांबली, आणि आफ्रिकेतले कोट्यवधी लोक वाट बघत राहिले. त्याच वेळी श्रीमंत देशांनी लोकसंख्येच्या कितीतरी पट डोस आधीच नावावर लावून ठेवले होते. लशींवरचा पेटंटचा हक्क साथीपुरता सोडा, असा प्रस्ताव भारत आणि दक्षिण आफ्रिकेने २ ऑक्टोबर २०२०लाच जागतिक व्यापार संघटनेत मांडला होता. त्यावर निर्णय झाला जून २०२२मध्ये, तोही बराच कातरलेला.

"बघ," मामा म्हणाले, "तूच माझी बाजू मांडतेयस."

"नाही मामा, एक गोष्ट ऐका. सप्टेंबर २०२१मध्ये ब्रिटनने लस घेतलेल्या भारतीयांनाही विलगीकरण लावलं. कोव्हिशील्ड मान्य, पण भारताचा दाखला मान्य नाही. लस त्यांच्याच ऑक्सफर्डची, तयार झालेली पुण्यात. भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांना तसंच दहा दिवसांचं विलगीकरण लावलं. ११ ऑक्टोबरला ब्रिटनने आपला नियम मागे घेतला. आठवडाभरात. १८९७ला व्हेनिसमध्ये मांडवीच्या माणसाला हे करता आलं असतं का? आज आपल्या हातात कारखाना आहे. दिलं-थांबवलं तर जगाला कळतं. हा बदल नव्हे?"

मामांनी बराच विचार केला. मकबऱ्याच्या घुमटावर शेवटचं ऊन होतं. आत झोपलाय तो माणूस हबसाणातून, म्हणजे इथिओपियातून, गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनेत आला, निजामशाहीचा कर्ता झाला, मोगलांना वर्षानुवर्षं अडवलं आणि १६२६ला गेला. कोविडच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख असलेले टेड्रोसही त्याच इथिओपियाचे, हे मी एकदा मामांना सांगितलं होतं, तेव्हापासून ते त्यांना "अंबरच्या गावचे" म्हणतात.

"बदल आहे," ते शेवटी म्हणाले. "पण ब्रिटनने ऐकलं ते आपल्याकडे द्यायला काहीतरी होतं म्हणून. दक्षिण आफ्रिकेने जगाला खबर दिली, त्याच्याइतकं मोलाचं काय असतं? तिला मोल आलं नाही. लस दिली की मान मिळतो आणि खबर दिली की दार बंद. हे उलटं होईल त्या दिवशी मी म्हणेन, साथीने जग बदललं."

हे मला पटलं. पूर्ण नाही, पण माझ्या जुन्या मतापेक्षा जास्त. नियम लिहिले गेले म्हणजे व्यवस्था बदलली, असं मी कागद बघणारी म्हणून धरून चालले होते. पण नियम मोडणाऱ्याला काही होत नाही, आणि पाळणाऱ्याचं नुकसान भरून देण्याची सोय त्यात नाही. जानेवारी २०२०मध्ये शांघायच्या झांग योंगझेन यांनी विषाणूची जनुकीय रचना जगाला खुली केली. त्यावर सगळ्या जगाच्या चाचण्या आणि लशी उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची प्रयोगशाळा बंद करण्यात आली. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतूनच बाहेर पडण्याचा आदेश काढला. गावकरी असो, शास्त्रज्ञ असो की देश, सांगणाऱ्याच्या पाठीशी कोणी उभं राहिलं नाही, आणि ज्या संस्थेला सांगायचं तीही दुबळी होत चालली आहे.

परतीच्या वाटेवर मामांनी विचारलं, "तो नवा करार झाला म्हणतात, त्यात खबर देणाऱ्याचं काय लिहिलंय?"

मी त्यांना सांगितलं ते इथेही लिहिते. २० मे २०२५ला जिनिव्हात जागतिक महासाथ करार मंजूर झाला. ज्या देशाने जंतूचे नमुने आणि माहिती दिली त्याला त्यातून निघालेल्या लशी आणि औषधांत वाटा मिळावा, हे तत्त्व त्यात आहे. पण तो वाटा कसा आणि कोणत्या अटींवर, हे ठरवणारं परिशिष्ट त्या दिवशी तयार नव्हतं. ते पुढच्या वाटाघाटींवर सोडून करार मंजूर केला गेला. ते परिशिष्ट नीट होत नाही तोवर हा करार अर्धाच आहे.